झालं की हाक मार

२०२२ सालचा मार्च होता, एसटीचा संप अजून मिटला नव्हता, आणि पितळेच्या त्या प्लगच्या टोकाशी पडलेला हिरवट डाग कोकिळेला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. पदराच्या टोकानं ती तो घासत होती, घासून डाग जात नव्हता, आणि समोरचं दार उघडत नव्हतं.

प्लग करंगळीएवढा. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला परगावचे कॉल जोडायचा ट्रंक बोर्ड मोडीत काढला तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या सुंदरबाईनं कात्रीनं प्लगसकट दोन दोऱ्या कापल्या होत्या, एक स्वतःला, एक हिला. "ले वं कोकी, आपली जल्मभरनी कमाई शे ही." आता तो जळगावच्या या घरात मुलाच्या, जितेंद्रच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून पडलेला असायचा. आज सुंदरबाईच्या हातात द्यायचा म्हणून कोकिळेनं सकाळीच उचलून आणला होता. द्यायचा – पण द्यायला जायचं कधी?

सकाळी पुनमचा फोन आला. सुंदरबाईची सून. "मावशी, आईंना कालपासून इथं धुळ्याला दवाखान्यात ठेवलंय. डोक्यात रक्ताची गाठ आहे. दुपारी ऑपरेशनला घेणार. आत्ता बोलताहेत, पण डॉक्टर म्हणाले, नंतर वाचा राहील की नाही, सांगता येत नाही... सारखं एकच चाललंय त्यांचं – कोकी लाइनवर शे का, कोकी लाइनवर शे का. आत फोन नेऊ देत नाहीत हो. तुम्ही येता का?"

येता का! ती उठून उभीच राहिली होती. चपला शोधायला लागली होती. जितू म्हणाला, "आई, थांब, गाडीनं नेतो मी. दीड तासाचा तर रस्ता. नरडाण्याच्या एका कारखान्याचं अडकलंय, तेवढं सोडवतो." ती कपाटाकडे वळता वळता म्हणाली, "तुझं झालं की हाक मार रे." तोही त्याच वेळी कानात ते इअरफोनचं बोंडूक घालत काहीतरी म्हणाला, आणि दार लोटलं गेलं.

दार लोटलेलं. आत त्याचा आवाज.

जितूचं काम काय, हे ती शेजारच्या लताबाईंना कधी नीट सांगू शकली नाही. कॉम्प्युटरवर असतो, एवढंच. पण तिला स्वतःला ते कळलेलं होतं, कारण जितूनं तिला जेवता जेवता विचारलं होतं, "आई, बोर्डावर तुझे हात दोनच, आणि लायनी इतक्या. मग करायचीस कसं?" करायचीस कसं म्हणजे – दिवा लागला की दोरी खुपसायची, नंबर विचारायचा, मुंबई मागायची, आणि तिथं थांबायचं नाही. फोन ठेवा, लागला की बोलावते. की दुसरा दिवा. एका लाइनीवर रेंगाळलीस की बाकीचं सगळं शहर मुकं. जितूनं घास हातातच धरला होता. "हेच," तो म्हणाला, "अगदी हेच मी लिहितोय." इव्हेंट लूप म्हणतात म्हणे त्याला. प्रोग्राम गोल फिरत राहतो, कुणाचं काही आलंय का बघतो, आलं असेल तेवढं उरकतो आणि पुढं जातो. थांबत कुणासाठीच नाही. ज्याला जे हवं त्यानं आपली हाक नोंदवून बाजूला व्हायचं. दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये जोडून घ्यायचा असा तो तयार भाग, लायब्ररी म्हणतात त्याला, त्यानं जगाला फुकट वापरायला देऊन टाकला, आणि नाव ठेवलं 'धुळे'. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं त्याला लिहून विचारतात. ती हसली होती तेव्हा. सुंदरबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "माय वं! मंग माले पगार कव्हय देस तुना जितू?"

आता ती हसत नव्हती. ऊन खिडकीतून सरकत दिवाणाच्या पायाशी आलं. तिनं अंजिरी साडी नेसली होती, पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्या, चष्मा. सून भाविका वरणगावच्या शाळेत शिकवायला गेलेली, तिला विचारण्यात अर्थ नाही. रिक्षानं स्टँडवर गेले असते, पण गाड्याच नाहीत. काळीपिवळीत गुडघे दुमडून बसायचं? बसले असते. सुंदरसाठी टपावर बसले असते मी. पण मुलगा म्हणाला ना, नेतो. मग निघून गेले तर तो म्हणणार, आई, विश्वास नाही का माझ्यावर...

आतून आवाज आला. "अभिमनभाऊ, ऐका ना. लायब्ररी बरोबर चाललीय. तुमच्या माणसानं लिहिलेला हा तुकडा बघा. तो उत्तराची वाट बघत तिथंच ठाण मांडून बसलाय. आणि ते उत्तर आणून देणार कोण? लूप. अन् लूपला तर यानंच धरून ठेवलंय!... हो... हो, जन्मभर बसला तरी येणार नाही. यंत्र बिघडलेलं नाही हो तुमचं, ते वाट बघतंय नुसतं."

पलीकडचा अभिमन काहीतरी बोलला असावा, जितू मोठ्यानं हसला.

हसतोय! तिकडं बाई लाइनवर ताटकळलीय आणि हा हसतोय. उठावं, दार ढकलावं, सांगावं... पण दार ढकलणं तिच्यानं होत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये ती एकदा शिऱ्याची बशी घेऊन आत गेली होती, पडद्यावर पाचसहा तोंडं होती, आणि जितूनं मान न वळवता नुसता तळहात उभा केला होता. थांब. शब्दसुद्धा नाही. तो तळहात तिच्या छातीवर अजून तसाच टेकलेला होता. आणि तो त्याला शिकवला कुणी? शाळेतून आला की एक्स्चेंजच्या दाराशी उभा राहायचा, दप्तर पायाशी, आणि ती कानावरचा हेडसेट न काढता हात उभा करायची – तिथं थांबू नकोस, बाहेर खेळ, झालं की हाक मारते. आणि मारायची. कधी चुकली नाही. शेजारच्या खुर्चीवरून सुंदरबाई लिमलेटची गोळी त्याच्याकडे भिरकावायची. "झेल रे जितू! तुनी माय आते मुंबईले परणी गयी." म्हणजे तुझ्या आईचं आता मुंबईशी लग्न लागलंय. त्या गोळीसाठी तो थांबायचा, आईसाठी नव्हे, असं सुंदर म्हणायची, आणि कोकिळेला ते लागायचं.

कॉल मिळत नसला की सुंदरबाई प्लग काढून कपाळाला लावायची, देवाचा अंगारा लावावा तसा. "बठ्ठं जग बोलस वं कोकी, आपण नुसत्या वायरी जोडतस. एक दिन आपण दोन्ही बोलूत. पोटभर." कधी बोललो गं? ड्यूटीभर दोघींच्या कानात दुसऱ्यांचीच बोलणी. नंतर तुझी नातवंडं, माझे गुडघे...

आतला आवाज थांबला होता. कधी थांबला? मघाशीच. आता नुसती बटणांची टकटक. म्हणजे संपलेलं नाही अजून. लिही बाबा, लिही. तिनं ताटं वाढून ठेवली नाहीत, भाजी झाकून ठेवली, म्हटलं परत आल्यावर खाऊ. मग वाटलं, तेवढ्यात तो जेवून तरी घेईल. मग वाटलं, जेवणाला बोलावलं तर म्हणेल, घाई करतेस. ती परत दिवाणावर बसली, पिशवी मांडीवर. राग आला की पूर्वी तिचे हात चालायचे – खट, खट, दोऱ्या खुपसल्या जायच्या. आता हातात एकच दोरी, आणि तीही कापलेली. पुन्हा डाग घासू लागली. इतका स्वार्थी कसा निघाला हा? बापावर गेलाय. नाही, बाप असा नव्हता. मग कुणावर गेलाय?

ऊन दिवाणाच्या पायावरून वर चढलं, तिच्या पावलांवर आलं.

आत जितूचा मोबाइल वाजला. त्याचा "हॅलो, पुनमवहिनी" ऐकू आला, मग काहीच नाही, आणि दार धाडकन उघडलं.

"आई! तू... तू तयार आहेस?"

"कधीची."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मी?"

"मी सांगून आत गेलो ना, आवरून झालं की हाक मार म्हणून! माझं काम केव्हाच संपलं गं. मला वाटलं, तुला धक्का बसलाय, जरा पडली असशील. उठवू नये. म्हणून मी आपलं..." त्यानं मागं पडद्याकडं पाहिलं. तिथं तो 'धुळे' वापरणाऱ्या सगळ्यांसाठी सूचना लिहीत बसला होता, की वाट बघत बसू नये.

"मी तुला सांगितलं होतं," कोकिळा म्हणाली, "तुझं झालं की हाक मार."

त्याच्या कानात अजून ते पांढरं बोंडूक होतं. त्यानं ते काढलं आणि मुठीत धरलं. "सुंदरमावशींना आत्ताच आत नेलं," तो म्हणाला.

गाडी निघाली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. ती राग शोधत होती. सकाळपासून जपून जमवलेला, त्याच्या दारावर आपटायला ठेवलेला एवढा राग – आणि दारामागं तसं स्वार्थी कुणी नव्हतंच. तिच्यासारखंच एक माणूस कान देऊन बसलं होतं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगायचं तर सुंदरबाई वाचली. धुळ्याला पुनमजवळ असते, काठी घेऊन अंगणात फिरते, भरीत आवडीनं खाते. शब्द मात्र गेले ते गेले. कोकिळा गेली की ती हात कानाशी नेते, हेडसेट सारखा करावा तसा, आणि बघत राहते. हिरव्या डागाचा प्लग तिच्या उशाशी, तिच्या स्वतःच्या प्लगशेजारी असतो. अभिमन नरडाण्याची नोकरी सोडून नाशिकला गेला. 'धुळे' अजून चालतं. जितूनं त्याचा बराचसा भार दुसऱ्या दोघांवर सोपवला, ती सूचना मात्र पहिल्याच पानावर ठेवली.

आणि त्यानं दार लावायचं सोडलं. दिवसभर ते सताड उघडं असतं. थोड्या थोड्या वेळानं तो आतून विचारतो, "आई, काही पाहिजे का?" ती म्हणते, "नाही." पुन्हा थोड्या वेळानं, "आई, काही पाहिजे?" तिला चिडच येते. काय पाहिजे ते सांगावं असं तोंडाशी येतं, पण ते याच्याजवळ नाही, कुणाजवळच नाही. "नाही रे," ती म्हणते. आत पुन्हा बटणांची टकटक सुरू होते. पण दोघांमधलं ते तसंच चालू राहतं, जोडून दिलेल्या आणि कुणीच न बोललेल्या लाइनीसारखं – पलीकडे माणूस आहे, श्वास ऐकू येतोय, आणि आपण दोरी काढायला हात लावावा की नाही, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.