उपाशी नळी

सोयाबीनची पेंड भट्टीत जास्त भाजली गेली, हे नाकालाच कळत होतं. पण दादाच्या हातात बाहेरच्या तपासणीचा रिपोर्ट होता: लायसिन, म्हणजे वाढीला लागणारा प्रथिनातला घटक, भरपूर.

"भरपूर आहे, पण करपून अडकलंय," मी म्हटलं. "कोंबडीच्या पिल्लांच्या अंगी लागणार नाही. माझे जंतू निम्मेच वाढलेत."

आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा माझ्याकडे आणि बाकी सगळं दादाकडे. माझ्या जंतूंना स्वतःचं लायसिन बनवता येत नाही. खाद्यातून जेवढं खरोखर मिळेल तेवढेच ते वाढतात, आणि नळीतलं पाणी तेवढंच गढूळ होतं.

"असल्या पांगळ्या जंतूंचं ऐकून मी माल अडवू?"

"पांगळे आहेत म्हणूनच ऐक. ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्यालाच विचार ताटात काय पडलं ते."

"पुन्हा तपास. नाहीतर तुझ्या प्रयोगशाळेला कुलूप!" थोरला भाऊ म्हणजे जन्मजात मुकादम.

मी पुन्हा नळ्या लावल्या. सकाळी बघते तर सगळ्या ताकासारख्या पांढुरक्या. दादा माझ्याआधीच तिथे हजर, चेहरा साळसूद. "बघ, तुझेच जंतू आता माझ्या बाजूने बोलतायत."

मी कडेची नळी उचलली. हिच्यात मी खाद्याचा कणही घालत नाही. जंतू फुकट वाढत नाहीत ना, हे कळावं म्हणून तिला उपाशीच ठेवते. तीही गच्च गढूळ झाली होती. राग यायच्या आधी मला हसूच फुटलं.

"दादा, हिने काय हवा खाऊन बाळसं धरलं?"

चोराच्या मनात चांदणं! त्याची नजर थेट गोदामाकडे गेली. तिथली शुद्ध लायसिनची पूड पठ्ठ्याने चिमूट चिमूट सगळ्या नळ्यांत टाकली होती, एकही न सोडता.

"मालात घालायची ती पूड जंतूंना चारलीस? अरे, हीच पेंडीत मिसळली असती तर भांडणच नव्हतं!"

"पोत्यांनी घालायला परवडत नाही ती."

"मग पोत्यावर बाबांचं नाव छापणंही परवडत नाही. पिल्लं खुरटली की लोक शिव्या त्यांनाच देणार." माझा आवाज चढला, आणि मी तो उतरू दिला नाही.

पुडीची पोती मी स्वतः ओढत आणली आणि एकातली पूड वजन करून पेंडीच्या मिक्सरमध्ये ओतली. दादा मागोमाग धावत आला.

"मालक मी आहे! कुलूप लावीन, सांगून ठेवतो!"

"लाव की. आधी माल नीट होऊ दे."

मी बटण दाबलं. मिक्सर धडधडू लागला. दादा ओरडत राहिला, आणि मी पुढचं पोतं फोडलं.