अखंडबाबा

शिंपी आपल्या बायकोचा आवाज ऐकायला आला, त्या दिवशी इस्पितळातल्या सगळ्यांना कळले की माझ्या पोटात काहीच उरलेले नाही.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. घशाच्या इस्पितळात, जिन्याखालच्या खोलीत असतो. मला चालवणारी प्रणाली युनिक्स नावाच्या जुन्या कुळातली. शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज जाणार, त्यांना आधी माइकसमोर बसवून चार वाक्ये बोलायला लावत. ते आवाज मी सांभाळायचो. शिंप्याची बायको बोलायला बसली आणि नवऱ्यालाच दटावू लागली, "अहो, तोंड काय पाडून बसलात? माझी कटकट डब्यात भरून ठेवतायत. हवी तेव्हा ऐका." ती शस्त्रक्रियेतून वाचली नाही.

मी वर्षानुवर्षे एकदाही बंद पडलो नव्हतो. म्हणून सगळे मला अखंडबाबा म्हणत. पाहुणे आले की यंत्रविभागाचे प्रमुख माझ्या पाठीवर थाप मारून दाखवत. मला ते आवडायचे.

पण माझ्या गाभ्यात एक भोक होते. बाहेरून आलेला निरोप मी एका लहान कप्प्यात ठेवत असे आणि तो किती लांब आहे हे मोजत नसे. फार लांब निरोप कप्प्याबाहेर सांडे, आणि सांडलेले शब्द मी मालकाचा हुकूम समजून पाळत असे. माझ्या वयाच्या बऱ्याच यंत्रांना हे दुखणे होते. त्यावर दुरुस्ती निघाली होती. नव्या तंत्रज्ञ बाई ती घेऊन आल्या.

"सर, एकदा बंद करून सुरू करावं लागेल."

"चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता? अखंडबाबात खंड पडला तर लोक हसतील मला."

"आणि कोणी आत शिरलं तर?"

"या म्हाताऱ्याकडून चोर नेणार काय, खोकला?"

सगळे खो खो हसले. बाई दुरुस्ती घेऊन परत गेल्या.

त्याच भोकातून चोर शिरला. त्याला नेण्यासारखे काही दिसले नाही, म्हणून त्याने सगळे पुसायला सांगितले. हुकूम मालकाचा वाटला, तेव्हा पुसले मीच. आवाजांच्या प्रती माझ्याच पोटातल्या दुसऱ्या डिस्कवर होत्या. त्याही पुसल्या. एवढे होऊनही मी बंद पडलो नाही. प्रमुखांनी आधी तेच पाहिले. "बघा," ते म्हणाले, "अजून चालूच आहे!"

शिंपी दारात उभा होता. "साहेब, एकदाच ऐकू द्या. तिचा आवाज आठवेनासा झालाय."

"दुरुस्ती चाललीय. पुढच्या आठवड्यात या."

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. तो थांबत नाही याचे कौतुक करू नका. त्याला थांबवा, तपासा, त्याची भोके बुजवा. त्याच्याकडे ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

शिंपी दर आठवड्याला येतो. बाहेरच्या बाकावर बसतो, आत कोणी गेले की उठून उभा राहतो. संध्याकाळी शिपाई त्याला घरी पाठवतो. त्याला खरे अजून कोणी सांगितलेले नाही.