डाव्या पायाचा तोडा

मी तोडा बोलतोय. एकटाच. जोडी कुठे म्हणून विचारू नका. ज्यानं त्यानं तेच विचारून माझं डोकं पिकवलंय. मला जोडी नाही आणि नकोही.

मी सोनाराकडे जन्मलो नाही. तिरोड्याजवळच्या एका गावात, शिवलालच्या ओसरीवर, त्याच्या लेकीनं मला घडवलं. तिचं नाव दुलारी. साल एकोणीसशे त्रेपन्न. लहानपणच्या तापानं तिचा डावा पाय बारीक राहिलेला. सोनार दोन्ही तोडे एकाच मापाचे घडवतो. उजवा नीट बसायचा, डावा घसरून टाचेखाली यायचा. भाताच्या रोवण्याच्या चिखलात एकदा तो गेला, तो गेलाच. आई सुखवंता म्हणाली, "जाऊ दे. त्या पायाले कायले पायजे दागिना?"

झालं! दुलारी पेटली. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तिनं लाल अकिकाचे एकवीस मणी घेतले. मामा बकारामनं मोडक्या मोटारीतून काढलेली तांब्याची तार दिली. दोऱ्यानं तिनं घोट्याचं माप घेतलं, खिळ्याभोवती तार गुंडाळून कड्या केल्या. कडीत मणी, मण्यापुढे कडी. पकड नव्हती, म्हणून चुलीजवळचा चिमटा घेतला. तारेची टोकं बोटांत रुतली तेव्हा तिनं हासडलेल्या शिव्या हेच माझ्या कानी पडलेले पहिले शब्द. चांगले सणसणीत होते.

घामानं तांबं कातडीवर हिरवा डाग पाडतं. शेजारणींनी नाकं मुरडली, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" मला काय त्याचं? मी घसरत नव्हतो.

मग गोंदियाकडचे पाहुणे दुलारीला पाहायला येणार असं ठरलं. आदल्या दिवसापासून घरात एकच घोकणी. तिनं आधीच सतरंजीवर बसायचं, लुगडं पायांवर ओढायचं, उठायचं म्हणून नाही.

"अन् ते तारेचं काढून ठेव," सुखवंता म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, माय!"

"मूठ झाकता येते वो. पाय झाकून चालू कशी? लगन झाल्यावर का बसूनच राहू?"

शिवलाल सुपारी कातरत राहिला. मला त्याचा भारी राग आला.

पाहुणे आले, बसले, पोहे झाले. मुलाचा काका उदाराम म्हणाला, "पोरगी गुणाची दिसून राहिली." सुखवंताचा जीव भांड्यात पडला. आणि दुलारी उठली! काही काम नसताना अंगणापर्यंत चालत गेली आणि परत आली. मला छुमछुम येत नाही. दगड आणि तार, मी खडखडतो. त्या दिवशी अंगात होता तेवढ्या जोरानं खडखडलो.

"हा पाय असा काऊन?" उदारामनं विचारलं.

"बारीक हाये जी. म्हणून त्याच्या मापाचा तोडा मीच केला. पाहून घ्या."

पाहुण्यांनी टोप्या डोक्यावर ठेवल्या आणि वाट धरली. सुखवंतानं कपाळ बडवलं, "सोन्यासारखं ठिकाण घालवलं पोरीनं!" दुलारीही रडली, खोटं कशाला सांगू? पण मला तिनं काढलं नाही.

पुढल्या वर्षी दुसरे पाहुणे आले. बैलगाडीतून उतरतात न उतरतात तोच शिवलाल दारात आडवा उभा.

"पोरीचा डावा पाय बारीक हाये. पटत असंल त आत या. नाई त बैलं अजून सोडले नाईत." मग घराकडे वळून ओरडला, "दुलारी, ये माय! चालत ये!"

बैल सोडले गेले. मुलगा गोवर्धन, त्याच्याच घरी आता आम्ही नांदतो.

आज साठ साल. बोदलकशाच्या तलावाच्या पाण्यावरच्या भाताच्या बांधीत दुलारी सगळ्यांच्या बरोबरीनं रोवणा करते. माझे दोन मणी फुटलेत, तार दोनदा बदललीय. मीही कधीतरी तुटणार. त्याबद्दल हळहळू नका. पण कुण्या लेकीला कुणी "बसूनच राहाय" म्हणालं, तर माझे मणी वेचा आणि नेम धरून एकेक त्याला मारा.