अठरातले अकरा

नळ शिकवणाऱ्या माणसाच्या नशिबी गळतीच यावी, आता याहून जास्त थट्टा देवाने त्याची काय करायची?

मास्तर त्या छोट्याशा धंदेशिक्षण कॉलेजात बावीस वर्षं प्लंबिंग शिकवत होते. जॉइंटवरून नुसतं बोट फिरवून पाणी कुठून येतंय ते सांगणारा माणूस. आणि वर्षअखेरीच्या तक्त्यात गळतीचा सगळ्यात मोठा आकडा कुणासमोर, तर यांच्याच वर्गासमोर. शिवणकामाच्या बाई स्टाफरूममध्ये म्हणायच्या, "मास्तर, जगाचे नळ बंद करता, वर्गाचा तेवढा एक कॉक फिरवा की." सगळे हसायचे. मास्तरही हसायचे, करतात काय.

खरी गोष्ट अशी, की पोरं मास्तरांना कंटाळून जात नव्हती. मास्तर चांगलं शिकवायचे म्हणून जात होती. चौथ्या-पाचव्या महिन्यात पोराच्या हातात पाना नीट बसला रे बसला, की कुणीतरी ठेकेदार त्याला उचलायचा. कितीदा तर मास्तरच फोन करून पोराला कुठेतरी चिकटवायचे. पण तक्त्यात रकाने तीनच: पास, नापास, सोडून गेला. कामाला लागला, असा रकानाच नाही. म्हणजे पोटापाण्याला लागलेलं पोर आणि उनाडक्या करायला पळालेलं पोर, दोघं एकाच ओळीत. सब घोडे बारा टक्के, दुसरं काय!

सलग तीन वर्षं निकाल साठ टक्क्यांच्या खाली गेला की वर्ग बंद, असा वरून आलेला नियम होता आणि हे तिसरं वर्ष होतं. प्राचार्य मॅडमनी मास्तरांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मास्तर ओळखून चुकले.

"अठरातले अकरा, मास्तर. अकरा पास झाले की एकसष्ट टक्के. दहा झाले की पंचावन्न, आणि मग माझ्या हातात काही राहत नाही. तुमची खोली कॉम्प्युटरवाल्यांना जाईल."

मॅडम वाईट नव्हत्या, तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. मास्तर घरी आले आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "छप्पन्नाव्या वर्षी तुम्हाला कोण हो घेणार?" तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी दुपारी एक वाजता त्यांनी वर्गातली डोकी मोजली. दहा. पुन्हा मोजली. मोजून माणसं वाढत असती तर काय हवं होतं. दहाच्या दहा पास होणार यात शंका नव्हती, मास्तरांच्या हाताखालचं पोर प्रात्यक्षिकात कधी पडलं नव्हतं. पण बाकीची आठ गेली ती गेली. तेवढ्यात परीक्षकांचा फोन आला, दोनऐवजी चारला पोचतो. परीक्षा बाहेरचा माणूस घ्यायचा आणि शिकवणाऱ्याने तिथे थांबायचं नाही, अशी पद्धत होती. मास्तर डबा न उघडताच बाहेर पडले.

गेलेल्या आठांत पैलवान सगळ्यात जवळ होता. फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून वर्गाने त्याचं नाव पैलवान ठेवलेलं. बसने अर्ध्या तासावर नव्या हॉस्पिटलची इमारत उभी राहत होती. तिसऱ्या मजल्यावर तो बेसिनखाली आडवा पडलेला सापडला.

"मास्तर, मी आलो असतो हो, पण फोरमन सोडणार नाही."

फोरमन तिथेच उभा होता. "उद्या सकाळी पाण्याची टेस्ट आहे. मला आधीच एक माणूस कमी आहे, आणि तुम्ही असलेला उचलून नेताय?"

"त्याच्या जागी मी करतो."

फोरमनने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गुडघे चालतात का?"

"बसायला चालतात. उठताना तुम्ही हात द्या."

फोरमनला हसू आलं, आणि पैलवान सुटला. मास्तर बेसिनखाली शिरले. पाठीला गार फरशी, तोंडावर सिमेंटची धूळ. पण हात आपोआप चालू लागले: थ्रेड पुसला, टेप गुंडाळली, नट आधी हाताने बसवला आणि मग पान्याने अर्धा आटा. किती महिन्यांनी त्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता. अकरा झाले, ते स्वतःशीच म्हणाले. पाच बेसिनं झाली तरी ते तेच म्हणत होते.

तीनच्या सुमाराला दारात कुणीतरी उभं राहिलं. मास्तरांना आधी पिशवी दिसली, हत्यारांची. मग चप्पल. मग वहिनी.

वहिनी म्हणजे वर्गातली एकुलती एक लग्न झालेली बाई, म्हणून सगळ्यांची वहिनी. नवऱ्याचं काम सुटलेलं, दोन मुली, राहणं दिराच्या घरी, आणि तिथे रोज ताटावर बसलं की टोमणे. तिला स्वतःची एक खोली हवी होती, बस. वर्गात तिच्या हाताची सर कुणालाच नव्हती.

"पैलवान वर्गात आला तो सांगतच, की इथे एक जागा आहे, आजच माणूस हवाय," ती धापा टाकत म्हणाली. "आले तशीच. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईन."

फोरमनने तिचे हात पाहिले, एक जॉइंट करायला लावला, आणि मान डोलावली. "लागा कामाला. टेस्ट झाली की कायम करतो."

अकराचे पुन्हा दहा झाले होते. मास्तर बेसिनखालून बाहेर आले. उठताना त्यांना कुणाचा हात लागला नाही.

"पोरी, परत जा. अजून वेळ आहे, बस मिळेल."

"मास्तर, काम मिळतंय."

"बाई, गेलात तर जागा गेली," फोरमन म्हणाला. "मला हात आज हवेत."

ती मास्तरांकडे बघत राहिली. ते राहा म्हणाले असते तर ती राहिली असती, पटेल असं कारण देऊन जा म्हणाले असते तर गेली असती. मास्तरांना हे कळत होतं. त्यांना बायकोचा तो प्रश्न आठवत होता, स्वतःच्या हातांनी बसवलेली वर्गातली बाकं दिसत होती, आणि त्यांना भीती वाटत होती, लहान पोरासारखी. त्यांनी तिला कोपऱ्यात घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं:

"सर्टिफिकेट नसलेल्याला हे लोक महिन्याभरात हाकलतात. मी बावीस वर्षं बघतोय. कागद घे, मग बघ कसे मागे लागतात. इथल्या जागेचं मी फोरमनशी बोलतो."

धादांत खोटं. बावीस वर्षांत एकाही ठेकेदाराने कागद मागितला नव्हता. पण मास्तर पोरांशी कधी खोटं बोलले नव्हते, त्यामुळे तिला शंका यायचं कारणच नव्हतं. तिने पिशवी उचलली, फोरमनला म्हणाली, "माफ करा," आणि जिना उतरून गेली.

"ती उद्या सकाळी येईल," मास्तर फोरमनला म्हणाले. "माझी जबाबदारी."

"उद्या टेस्ट आहे, मास्तर. काम आज आहे." त्याने फोन लावला. वीस मिनिटांत पिशवी घेऊन एक माणूस आला. फोरमनने त्याला कागद विचारला नाही, नावसुद्धा विचारलं नाही. त्याला मास्तरांच्या शेजारच्या बेसिनखाली घातलं आणि म्हणाला, "याचा हात बरा वाटतोय, हाच राहील आता." मास्तर काम करत राहिले. त्यांना स्वतःची शिसारी आली होती, आणि तरी दर थोड्या वेळाने ते घड्याळ बघत होते. बस वेळेत मिळाली असेल ना, हीच काळजी.

साडेपाचला कॉलेजच्या क्लार्कचा फोन आला. "अकरा बसले, अकरा पास. एकसष्ट टक्के. मॅडमनी पेढे मागवलेत, मास्तर, या लवकर." मास्तरांनी बरं म्हटलं. फोन खिशात ठेवतात तोच पुन्हा वाजला.

"मास्तर, पास झाले," वहिनी म्हणाली. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "परीक्षक म्हणाले, इतका साफ जॉइंट बऱ्याच दिवसांनी बघितला. तुम्ही अडवलं नसतंत ना, तर मी घोडचूक करून बसले असते. दिरांना आत्ताच फोनवर सांगून टाकलं, या महिन्यात खोली बघतोय म्हणून. पहिल्यांदाच असं तोंड वर करून बोलले बघा. तुमचे उपकार आहेत. तेवढं फोरमनना विचारा ना, उद्या किती वाजता येऊ?"

शेजारच्या माणसाने बेसिनखालून हात बाहेर काढला आणि मास्तरांकडे पाना मागितला. मास्तरांनी दिला.

"मास्तर? ऐकू येतंय ना?"

"येतंय, पोरी," मास्तर म्हणाले.