‘ठीक’ आणि ‘शांत’

बॅटरीघराच्या नोंदवहीत वर्षभर रोज ‘अलार्म ठीक’ असा शेरा होता. तीन आठवड्यांपूर्वी, पंखा बिघडला त्याच दिवसापासून, तो ‘अलार्म शांत’ झाला. चार्जिंग होताना बॅटऱ्यांतून हायड्रोजन सुटतो. पंखा बंद असला की तो साचतो आणि एका ठिणगीने भडकतो; तो साचला की अलार्म वाजायला हवा. मी सुरक्षा-तपासणीला आले होते. तो शब्द मला खटकला.

“काका, शांत म्हणजे वाजला नाही, की वाजू दिला नाही?” मी फोरमनना विचारलं.

“ताई, शब्दाचा कीस कशाला पाडता? सही करा, चहा गार होतोय.”

मी स्टुलावर चढून अलार्मच्या भोंग्याला कान लावला. आत डासासारखी गुणगुण चालली होती आणि भोंग्याच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबलेला होता.

“फार कटकट करायचा हो,” काका पुटपुटले. “पण नोंद खोटी नाही आमची. शांत केला, शांत लिहिलं.”

“आता पाळी कोणाची?”

त्यांनी घड्याळ पाहिलं. दोनला दोन मिनिटं होती. “आमच्या सूनबाईची. दोनला येते आणि आल्या आल्या चार्जिंगचा खटका...”

वाक्य पुरं न करताच ते माझ्या आधी बाहेर धावले आणि दारात हात पसरून उभे राहिले.