कोपरा नसलेला छातीचा फोटो

मित्रांनो, नुसतं हातात धरलंत तर मी तुम्हाला काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा वाटेन. म्हणून आधी मला खिडकीपाशी न्या आणि उजेडासमोर धरा. आता बरगड्या दिसल्या ना? मधली पांढरी सावली हृदयाची. मी एका माणसाच्या छातीची जुनी एक्स-रे फिल्म आहे. घरोघरी मला ‘छातीचा फोटो’ म्हणतात. माझा वरचा एक कोपरा नाही, तेही तुमच्या लक्षात आलं असेल. तो कोपरा का गेला आणि त्यापायी एका घराला काय सोसावं लागलं, ते सांगते.

माझा जन्म १९९३ साली माणिकपूरच्या एका छोट्या एक्स-रे दुकानात झाला. एका अंधाऱ्या खोलीत कृष्णा नावाचा कामगार माझ्यावर छाती टेकवून उभा राहिला. “श्वास घ्या... धरा... सोडा,” असा आवाज आला. त्याच्याबरोबर तपासणीला आलेल्या बाकीच्या कामगारांनी श्वास सहज धरला होता. कृष्णाला मात्र तो नीट धरता येईना. मशीनवाल्याने तीनदा प्रयत्न केला तेव्हा कुठे मी तयार झाले. माझ्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव, तारीख आणि नंबर उमटला.

कृष्णा जूचंद्र गावचा. अ‍ॅस्बेस्टॉसचे दोर आणि कापड विणणाऱ्या एका कारखान्यात तो बावीस वर्षं काम करत होता. अ‍ॅस्बेस्टॉस हा दगडातून निघणारा धागा. तो आगीत जळत नाही, म्हणून त्याला मागणी फार. पिंजलेला असला की तो पांढराशुभ्र आणि मऊ दिसतो. कामगार त्याला कापूसच म्हणत. कारखान्याच्या हवेत त्याचे बारीक तंतू तरंगत असत आणि श्वासाबरोबर छातीत जात. तिथून ते परत निघत नाहीत.

कृष्णा संध्याकाळी घरी यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन. पण जूचंद्रमध्ये याचं कुणाला नवल वाटलं नाही. गावाला मिठागरं होती. मिठागरात राबणारी माणसंही पांढरी होऊनच घरी येत. त्यांच्या बायका उंबऱ्याबाहेर कपडे झटकत आणि मग धुवायला घेत. कृष्णाची बायको यमुनाबाईही तेच करायची. खाकी शर्ट दोन्ही हातांनी धरून फटाफट झटकायची. मीठ पाण्यात विरघळतं आणि संपतं. हा धागा विरघळत नाही, हे तिला कोण सांगणार? शेजारी अंगणात तिचा लहानगा विघ्नेश खेळत असायचा. मित्रांनो, हे माझ्या जन्माआधीचं, घरात ऐकलेलं; पण झटकलेला धागा त्या पोराच्याही श्वासात जात होता.

मशीनवाल्याने मला तपकिरी पाकिटात घालून कृष्णाला दिलं. कारखान्याच्या डॉक्टरने मला उजेडासमोर धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मग रजिस्टरमध्ये इंग्रजीत काहीतरी लिहिलं. कृष्णाला तो एवढंच म्हणाला, “बिडी सोड. फोटो घरी ठेव.”

कृष्णा बिडी ओढतच नव्हता. पण साहेबांना उलट कसं बोलायचं, म्हणून तो मान हलवून घरी आला. मी कपाटावर गेले.

आता कोपऱ्याची गोष्ट. आमचं गाव रांगोळीचं. दिवाळी जवळ आली की इथे दारोदार लहान-थोर सगळे रांगोळीला बसतात. बाकी काम हातानेच होतं, पण बायका काठाची नक्षी छापाने काढतात. त्या छापाला जाड, न फाटणारं काहीतरी लागतं आणि त्यासाठी एक्स-रेच्या फिल्मसारखं दुसरं काही नाही. १९९६ च्या दिवाळीत यमुनाबाईने मला कपाटावरून काढलं. हातात कात्री होती. तिने मला दारात उजेडासमोर धरलं आणि तिचा हात थांबला.

शेजारची धोंडूबाई म्हणाली, “काप ना गं. थांबलीस कशाला?”

“ह्यांची छाती हाय ती. छातीवर कातर कशी चालवू?”

“मग नको कापू. नवऱ्याची तसबीर म्हनून लाव भिंतीला!”

दोघी हसल्या. मग यमुनाबाईने नीट पाहिलं. वरच्या कोपऱ्यात हाड नव्हतं, काळीज नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं होती आणि ती तिला वाचता येत नव्हती. तिने तेवढाच कोपरा काढून घेतला आणि त्यातून एक सुरेख कोयरी कापली. उरलेली मी पुन्हा पाकिटात गेले. कोयऱ्यांचा काठ त्या वर्षी सगळ्या आळीने वाखाणला. मलाही थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी कारखाना बंद पडला. कृष्णाला दम लागणं वाढत गेलं. कुणी क्षय म्हणालं, कुणी दमा. क्षयाच्या गोळ्या झाल्या, पण फरक पडला नाही. २००२ साली विघ्नेशचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि घरात सुरुची ही शिकलेली सून होती. तिची मुलगी ज्ञानदा दोन वर्षांची. आजोबा नातीला उचलून घेत आणि चार पावलांत भिंतीला टेकत. सुरुचीला ते पाहवत नसे. आजार संसर्गाचा तर नसेल, पोरीला तर लागणार नाही, अशी धास्तीही तिच्या मनात होती आणि त्या धास्तीची तिला लाजही वाटत होती. शेवटी तीच सासऱ्यांना वसईच्या एका छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरने नवी फिल्म आणि मी, दोघींना शेजारी लावलं. “हा क्षय नाही,” तो म्हणाला. “हा कुणाला लागत नाही. हा कारखान्यातून आलाय. नऊ वर्षांपूर्वीच्या फोटोतही आहे, हे बघा.” त्याने बोट ठेवलं तिथे माझ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा होत्या. मी त्या इतकी वर्षं जपून ठेवल्या होत्या. पण वाचून खरं सांगणारा माणूस मिळायला नऊ वर्षं लागली.

सुरुचीने कामगार विमा योजनेत अर्ज केला. पण कारखान्याच्या मालकांनी उत्तर पाठवलं की, हा आजार नोकरी सुटल्यानंतरचा आहे. आता सगळा भार माझ्यावर आला. आजार नोकरीत असतानाच होता, हे फक्त मीच सांगू शकत होते. विमा कार्यालयातल्या बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “ताई, यावर नाव नाही, तारीख नाही. ही छाती कुणाची, हे मी कसं लिहू?”

त्या संध्याकाळपासून सुरुची माझ्या कोपऱ्यासाठी घर धुंडाळू लागली. कपाटं, पेट्या, गाद्यांखाली, सगळीकडे. यमुनाबाईही तिच्याबरोबर शोधत होती. चौथ्या दिवशी सुरुची कपाट पुढे ओढायला लागली, तेव्हा यमुनाबाईने तिचा हात धरला.

“नको शोधू, बाय. कोपरा मी कापलाय. रांगोलीला.”

सुरुचीने कपाट सोडून दिलं. पलंगावरून कृष्णा सगळं ऐकत होता. एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, “ती कोयरी... चांगली झालेली पन.”

यमुनाबाई रडता रडता हसली. मला वाटतं, कृष्णाने तिला दिलेली ती शेवटची मोठी देणगी होती. पंधरा दिवसांनी तो गेला.

बारावं झालं आणि यमुनाबाईने माझं पाकीट पुढे केलं. “मानूस गेला. आता ह्या कागदांचं काय करायचंय? देऊन टाक भंगारात.” धोंडूबाईनेही सुरुचीला टोमणा मारलाच, “मेलेल्या मानसाच्या नावानं कोर्टकचेरी करतेस का गं? काय वकीलबाई झालीस का?” खरं तर धोंडूबाईचा नवराही त्याच कारखान्यातला आणि तोही खोकत होता. पण भीती वाटली की माणूस असंच बोलतो.

सुरुचीने पाकीट दिलं नाही. ज्ञानदाला कडेवर घेऊन ती माणिकपूरला प्रिस्का नावाच्या वकीलबाईंकडे गेली. सासूलाही बळेच बरोबर नेलं. प्रिस्काबाई तरुण होत्या. गळ्यात क्रूस, समोर फायलींचा ढीग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि यमुनाबाईकडे वळल्या.

“मावशी, हा फोटो जपून ठेवा, कामाला येईल, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“नाय.”

“मग तुम्ही कशाला मान खाली घालता? अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्याने प्रत्येक कामगाराच्या तपासणीची नोंद कामाला लागल्यापासून निदान चाळीस वर्षं, नाहीतर काम सुटल्यावर पंधरा वर्षं जपायची. दोन्हींत जी मुदत जास्त, ती. सर्वोच्च न्यायालयाने हे पंचाण्णव सालीच सांगितलंय. तुम्ही कोपरा शोधत बसलात. शोधायला हवं होतं त्यांचं रजिस्टर.”

यमुनाबाईने मान वर केली. “पन हे तर गेले.”

“ते गेले, हक्क गेला नाही. कामामुळे झालेल्या आजाराने माणूस गेला, तर त्याच्या बायकोला विमा योजनेकडून आधार मिळतो. तो मागणं म्हणजे भीक नव्हे, मावशी.”

मित्रांनो, प्रिस्काबाईंनी नोटीस पाठवली. उत्तर आलं, कारखाना बंद, कागद सापडत नाहीत. त्यांनी दुसरी पाठवली, सापडत नसतील तर का ते लिहून द्या. सात महिन्यांनी रजिस्टर सापडलं!

मुंबईला वैद्यकीय मंडळासमोर मी उजेडाच्या पेटीवर लागले. माझ्यासमोर तीन डॉक्टर. एकाने रजिस्टरमधली ओळ वाचली. कृष्णाचं नाव, १९९३ ची तारीख आणि पुढे लिहिलं होतं, ‘दोन्ही फुफ्फुसांत खालच्या बाजूला तंतूंच्या रेषा, डावीकडे गळ्याखालचं हाड पूर्वी मोडून वाकडं जुळलेलं.’ डॉक्टर माझ्याजवळ आला. त्याने चष्मा वर केला. डाव्या बाजूला, खांद्याजवळ, ते वाकडं हाड माझ्यात स्पष्ट होतं.

“हे कधी मोडलं होतं?” त्याने विचारलं.

“लगनाआधी. ताडावरनं पडलेले,” यमुनाबाई म्हणाली. “सासूबाई सांगायच्या.”

ज्या छातीवर तिची कात्री चालली नव्हती, त्याच छातीने तिच्या बाजूने साक्ष दिली. मंडळाने लिहिलं की आजार कामामुळेच झाला. माणूस परत येत नाही. पण ‘बिडीने गेला’, ‘क्षयाने गेला’ असं लोक म्हणत, ते त्या कागदाने पुसलं. विम्याचा आधारही दर महिन्याला यमुनाबाईच्या नावाने येऊ लागला.

पण सगळंच सुटलं, असं मी म्हणणार नाही. कपडे झटकणाऱ्या बायकांसाठी त्या अर्जात रकाना नव्हता. सुरुचीने सासूच्या छातीचाही फोटो काढून घेतला. डॉक्टर म्हणाला, “आज काही दिसत नाही, पण दर वर्षी दाखवत जा.” हा आजार वीस-तीस वर्षंही दबा धरून बसतो. सुरुचीने कॅलेंडरवर पुढच्या वर्षीची खूण आजच करून ठेवली आहे. विघ्नेशलाही ती सोडत नाही. नवरा खाकरला तरी तिचे कान टवकारतात.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती. तुमच्या घरातलं कुणी धुळीच्या कारखान्यात काम करत असेल, तर त्यांचे कपडे घरात झटकू नका. ते वेगळे, ओले करून धुवा. शक्य असेल तर कपडे तिथेच बदलून या म्हणावं. आणि त्यांना विचारा, ‘तपासणी झाली का? डॉक्टरने काय लिहिलं?’ त्या लिहिलेल्याची प्रत मागा. मागितली म्हणून कुणी रागावलं, तर समजा की ती मागायलाच हवी होती.

गेल्या आठवड्यात धोंडूबाई आमच्या दारात आली. छातीशी एक मोठं तपकिरी पाकीट धरलेलं. डोळे भरलेले. तिने ते पुढे केलं आणि पदर तोंडाला लावला. यमुनाबाईने ते उघडलं आणि आतली, धोंडूबाईच्या नवऱ्याच्या छातीची फिल्म दारातल्या उन्हात धरली. तिला वाचता येत नाही, पण कुठे पाहायचं ते आता कळतं. मग पाट सरकवून तिने शेजारणीला बसवलं आणि आत हाक मारली, “सुरुची, कागद-पेन आन गं.”

धोंडूबाईचा हुंदका फुटला तशी यमुनाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“आधी अर्ज लिहू,” यमुनाबाई म्हणाली. “रडायचं मग. मी हाय सोबतीला.”