बिअर प्यायलेलं यंत्र

आपल्या शाळांत यंत्र येतं ते दोन कामांसाठी: फोटोत उभं राहायला आणि कुलपात पडायला. चार हजार मीटर उंचीवरच्या एल आल्तो शहरातल्या एका शाळेत बाष्पदाब शिकवायचं परदेशी यंत्र आलं, तेव्हा मुख्याध्यापक फाउस्तो कालिसाया यांनी तिसरं काम शोधलं. बस असो वा शिलाई मशीन, नव्या वस्तूवर आपण बिअर शिंपडतो आणि धरणीमातेचा आशीर्वाद मागतो. कालिसायांनी यंत्राला अख्खी बाटलीच पाजली. यंत्र त्याच दिवशी मेलं. पुढे "फार नाजूक आहे" म्हणून ते काचेच्या कपाटात राहिलं आणि पोरं बाष्पदाब काचेबाहेरून शिकली.

आज तपासनीस बाई आल्या होत्या. "प्रयोग दाखवा. नाहीतर प्रयोगशाळा बंद, खोली खुर्च्या ठेवायला."

कडाक्याच्या थंडीत कालिसायांना घाम फुटला. तेवढ्यात रसायनाच्या शिक्षिका विल्मा वाराची पुढे झाल्या. हातात थर्मास, आणि गुरांना टोचतात तसली मोठी कोरी सिरिंज, बिनसुईची.

"बाई, ही शाळा आहे, लामा-मेंढ्यांचा दवाखाना नव्हे," कालिसाया कुजबुजले. "माझी लाज काढू नका."

"लाज तुम्ही कपाटात ठेवलीय, सर. मी पाणी आणलंय."

विल्माबाईंनी सिरिंजेत थोडं गरम पाणी घेतलं, हवा काढली, तोंड बुचाने बंद केलं आणि ती कालिसायांच्याच हाती दिली. "दांडा ओढा."

झुरळ धरावं तशी सिरिंज धरून त्यांनी दांडा ओढला. पाणी मुठीतच खदखदू लागलं.

"अरे, भाजेल!"

"चहाइतकंही गरम नाही, सर. ओढल्यावर आतला दाब उतरला. पाण्याच्या वाफेचा दाब त्याला भारी पडला की उकळी फुटते. आपल्या उंचीवर हवेचा दाबच कमी, म्हणून पाणी पुरतं तापायच्या आधीच उकळतं आणि बटाटे मात्र शिजता शिजत नाहीत."

कालिसायांनी पुन्हा ओढलं. पुन्हा उकळलं. मग आणखी एकदा. हे सगळं त्यांनी आयुष्यभर फळ्यावर लिहून दिलं होतं. पाहिलं मात्र आज. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई," ते तपासनीसांना म्हणाले, "कपाटातलं यंत्र नाजूक नाही, मेलेलं आहे. मी त्याला बिअर पाजली."

"कोणती?" बाईंनी शांतपणे विचारलं.

प्रयोगशाळा वाचली. कपाट भंगारात गेलं आणि पोरांच्या हाती सिरिंजा आल्या.

मंडळी, पोरांचा हात ज्याला लागत नाही ते यंत्र नव्हे, फर्निचर आहे. आणि त्यावरची धूळ झटकत बसणाऱ्याला गडी म्हणा, शिक्षक म्हणू नका.